गुडघा, सब्र आणि डॉक्टरांची तारीख

गुडघा दुखावला की आपल्या घरांत दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले, ‘सब्र करा, अल्लाह शिफा देईल.’ दुसरे, ‘अमुक गावात हाड बसवणारा आहे, एकदा दाखवून या.’ पहिले वाक्य ईमानाचे, दुसरे नाइलाजाचे. पण व्यवहारात दोन्हींचा परिणाम बहुधा एकच होतो. माणूस लंगडत कामावर जात राहतो आणि तज्ज्ञ डॉक्टरांची तारीख येईपर्यंत गुडघा आणखी बिघडवून घेतो.

तारीख लवकर मिळत नाही, हे खरेच आहे. तालुक्याच्या गावी हाडांचे डॉक्टर बहुधा ठरावीक वारीच बसतात. एक्स-रेमध्ये हाड दिसते. गुडघ्यातली गादी आणि लिगामेंट दिसत नाहीत. त्यासाठी एमआरआय लागतो, म्हणजे पुन्हा वेगळी रांग. पगारी रजा असणाऱ्याला ही वाट पाहणे परवडते. मालेगाव-भिवंडीत यंत्रमागावर दिवसभर उभे राहणाऱ्याला, रिक्षाचा ब्रेक दाबणाऱ्याला किंवा जमिनीवर बसून विड्या वळणाऱ्या बाईला प्रत्येक दिवसाची मजुरी मोजावी लागते. त्यांना ‘आराम करा’ म्हणणे सोपे आहे, पण त्या आरामाचे पैसे कोण देणार, हे कोणी सांगत नाही.

म्हणूनच सब्र या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. सब्र म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकतो. उपचार करून घ्या, असेही त्यांनी सांगितले आहे. वाट पाहण्याच्या आठवड्यांत उंट बांधायचा म्हणजे काय करायचे?

पहिले दोन-तीन दिवस मालिश नको, शेक नको. आतला रक्तस्राव आणि सूज दोन्हींनी वाढू शकते. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा लावावा. क्रेप बँडेज बांधावे, पण पाय बधिर होईल इतके घट्ट नको. झोपताना पायाखाली उशी घ्यावी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, हे अनेकांना माहीत नसते. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

मात्र पूर्ण अंथरुण धरणेही चूक. मांडीचा स्नायू काही दिवसांतच बारीक होऊ लागतो आणि मग गुडघ्याला आधारच उरत नाही. पाय सरळ ठेवून मांडी आवळायची, पाच-सहा सेकंद धरायची, सोडायची. वेदना फार वाढत नसेल तर दिवसातून काही वेळा हे करावे. उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि पाय रोवून शरीर वळवणे टाळावे. तरुणांनी तपासणी होईपर्यंत क्रिकेट-फुटबॉलला हात लावू नये. सैल झालेला गुडघा दुसऱ्यांदा मुरगळला तर गादीही फाटू शकते.

काही लक्षणे तारखेची वाट पाहू देत नाहीत. चार पावलेही टाकता येत नसतील, गुडघा वाकडा दिसत असेल, अडकून सरळच होत नसेल, पाऊल थंड किंवा बधिर पडत असेल, गुडघा लाल-गरम होऊन ताप येत असेल, पोटरी सुजून दम लागत असेल, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. अशा वेळी हाड बसवणाऱ्याकडे जाणे धोक्याचे आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आठवडेच्या आठवडे खाणेही तसेच. पोटात जखम होऊ शकते. ब्लडप्रेशर, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर धोका जास्त.

आता नमाजेबद्दल. सजदा आणि कायदा, दोन्हींत गुडघा पूर्ण वाकतो. दुखत असूनही जमिनीवरच सजदा करणारे आपण पाहतो, आणि खुर्चीची लाज वाटून मशिदीत येणेच सोडणारेही. दीनने दोन्हींची सक्ती केलेली नाही. इमरान बिन हुसैन (रजि.) आजारी असताना पैगंबरांनी (स.) त्यांना सांगितले ते स्पष्ट आहे: उभे राहून, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढा. जखमेवर बांधलेली पट्टी काढल्याने अपाय होत असेल तर वुजूत तिच्यावर मसाह चालतो. तपशिलात मसलकनिहाय फरक आहे. उभे राहता येते पण सजदा करता येत नाही, अशा माणसाला हनफी फिकहात बसून नमाजेची मुभा आहे. कोकणातले आपले शाफई बांधव मात्र जमेल तितका कयाम उभ्यानेच करतात. आपल्या इमामांना विचारावे. पण तरुण मुलगा खुर्चीवर दिसला की ‘एवढ्या वयात खुर्ची?’ हा टोमणा कोणत्याच मसलकात बसत नाही.

घरातल्या बाईचा गुडघा तर सगळ्यात शेवटी मोजला जातो. तिला ना रजा, ना खुर्ची. उकिडवे बसून भांडी, कपडे, फरशी. आणि दवाखान्यात जायचे तर सोबत यायला कुणाला वेळ नाही. तिचे सब्र आपण फार सहज गृहीत धरतो. घरातली खाली बसायची कामे महिनाभर पुरुषांनी वाटून घेतली, तर तो तिच्या उपचाराचाच भाग ठरेल.

सरकारकडून हक्काने घ्यावे असेही काही आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत. ई-संजीवनीवर घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला मिळतो. शस्त्रक्रिया सुचवली तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

उरलेले काम जमातीचे. प्रत्येक मशिदीत चार भक्कम खुर्च्या, वुजूखान्यात एक उंच बैठक आणि उसने देण्यासाठी दोन-तीन कुबड्या, एक वॉकर, एक कमोड खुर्ची, एवढे जमवायला मोठा फंड लागत नाही. जकातीस पात्र असलेल्या मजुराला महिनाभर घरी बसावे लागले, तर त्याच्या रेशनसाठी जकात देता येते. त्याच्या घरी जाऊन ‘सब्र करा’ म्हणायचेच असेल, तर हातात त्या महिन्याचे रेशन घेऊन जावे.