शिपाई शेतांत येतो आहे. पाण्याची तयारी कोण करणार?

लष्करांतून परतलेल्या शिपायास आपला समाज पहाऱ्याच्या नोकरीखेरीज दुसरें काम फारसें सुचवीत नाहीं. सामान्य शिपाई पस्तिशी-चाळिशींत निवृत्त होतो. म्हणजे कष्टाचीं वीस-पंचवीस वर्षें त्याच्या हातीं शिल्लक असतात. हीं वर्षें एखाद्या बँकेच्या दाराशीं स्टुलावर बसून जावींत यांत देशाचें नुकसान आहे, आणि बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्याचें तर अधिकच आहे.

2022 सालच्या अग्निपथ योजनेनें हा प्रश्न निकडीचा केला आहे. चार वर्षांची मुदत भरल्यावर अग्निवीरांपैकीं शेंकडा 25 पर्यंत लष्करांत राहावयाचे. बाकीच्यांनीं ऐन तारुण्यांत घरीं यावयाचें. पेन्शन नाहीं; हातीं सेवानिधि तेवढा सुमारें 11 लाख 71 हजार रुपयांचा. ही रक्कम आमच्या रानांत कशी जिरेल हें सांगावयास ज्योतिषी नको. एक विंधनविहीर कोरडी गेली, दुसरी घेतली, ट्रॅक्टरचे हप्ते थकले, कीं तोच तरुण दिवाळीच्या सुमारास ऊंसतोडीच्या टोळीबरोबर गांव सोडील.

शिपायास जमीन दिली कीं तो शेतकरी झाला, ही समजूत जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतर पंजाबांतील कालव्यांच्या वसाहतींत शिपायांस जमिनी मिळाल्या. पण तेथें आधीं पाट आला आणि मग शिपाई आला. बालाघाटाच्या डोंगरपठारावर असा पाट कोठून येणार? पाऊस वर्षाकाठीं सरासरी साडेसहाशे मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही लहरी. म्हणून येथें शेतीचा पहिला धडा नांगराचा नसून पाणी अडविण्याचा आहे. आणि तें काम एकट्या खातेदाराचें नव्हे, साऱ्या गांवाचें आहे.

येथेंच शिपायाची खरी पुंजी उपयोगी पडते. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत अण्णा हजारे 1975 सालीं लष्करांतून निवृत्त होऊन राळेगणसिद्धीस परतले, तेव्हां तें गांव दुष्काळानें व दारूनें खंगलेलें होतें. त्यांनीं गांठीचा पैसा यादवबाबांच्या देवळाच्या जीर्णोद्धारास लावला, त्या निमित्तानें लोक एकत्र केले, आणि मग श्रमदान, नालाबांध, पाझरतलाव व चराईबंदी यांच्या बळावर पाणी जमिनींत मुरविलें. त्यांच्या पुढील राजकीय चळवळींविषयीं कोणाचें मत कांहींही असो, या कामाचें मोल कोणास नाकारतां येणार नाहीं. प्रत्येक शिपाई अण्णा हजारे होणार नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. परंतु वेळ पाळणें, हुकूम समजून घेणें आणि दहाजणांकडून काम करवून घेणें, हे गुण प्रत्येक शिपायाच्या अंगीं मुरलेले असतात. आणि बांधबंदिस्तीच्या कामांत नेमकी याच गुणांची वाण पडते.

तेव्हां आमची सूचना सरळ आहे. परतलेल्या तरुणानें सेवानिधीस हात लावण्यापूर्वीं एक हंगाम अंबाजोगाई किंवा खामगांव येथील कृषि विज्ञान केंद्रांत शिकावें. ग्रामपंचायतीनें पाणलोटाच्या कामाची देखरेख त्याजवर सोंपवावी व त्याचा रीतसर मोबदला द्यावा. पीक कोणतें घ्यावें हेंही पाण्याकडे पाहून ठरवावें. बीडच्या सीताफळास 2016 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे; हें झाड खडकाळ, हलक्या रानांत थोड्या पाण्यावर तग धरतें. मात्र फळ पिकलें कीं दोन-तीन दिवसांत नासतें. शीतगृह आणि गर काढण्याची सोय नसेल तर बागाईतदाराचे कष्ट उकिरड्यावर जातात.

ही सोय करणें मोंढ्यांतील व्यापाऱ्यांच्या हातीं आहे. भरतीस निघालेल्या पोरास हार घालावयास जे पुढें होतात, त्यांनीं तो परत आल्यावर त्याच्या मालास रास्त भाव देण्यासही पुढें व्हावें. सत्काराचा खर्च एका दिवसाचा. शीतगृहाचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.