रक्तस्रावानंतर नव्हे, रक्तस्रावाआधी

हिमोफिलियाच्या रुग्णाला साधे खरचटले तरी तो रक्त वाहून दगावतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः किरकोळ खरचटण्याने त्याला सहसा धोका नसतो. खरा घात होतो तो शरीराच्या आत. आजार तीव्र असल्यास गुडघा, घोटा, कोपर अशा सांध्यांत वरकरणी काही कारण न घडताही रक्त उतरते. सांधा सुजतो, असह्य ठणकतो. हे वारंवार घडले की कूर्चा झिजते आणि ऐन तारुण्यात गुडघा कायमचा आखडतो. मेंदूत रक्तस्राव झाला तर प्राणावरच बेतते.

रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी एकाची उणीव, एवढेच या आजाराचे मूळ आहे. 'ए' प्रकारात आठवा घटक कमी पडतो, 'बी' प्रकारात नववा. हा दोष 'एक्स' गुणसूत्रावर असल्याने तो बहुधा आईकडून येतो व मुलग्यांत प्रकटतो. मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार पूर्वी कुणालाही नसतो. तरीही मुलाच्या सुजलेल्या गुडघ्याचे खापर सुनेच्या माथी फोडले जाते. हा अन्याय सुशिक्षित घरांतून तरी हद्दपार व्हायला हवा.

या आजारावर उपाय नाही, असे मुळीच नाही. १९६४ मध्ये अमेरिकेत डॉ. ज्युडिथ पूल यांनी दाखवून दिले की, गोठवलेला रक्तद्रव सावकाश वितळवला असता तळाशी राहणाऱ्या साक्यात आठवा घटक एकवटलेला असतो. पुढे भुकटीच्या रूपातील फॅक्टरच्या कुप्या आल्या. १९८० च्या दशकात दूषित रक्तद्रवामुळे जगभरातील हजारो रुग्णांना एड्सच्या विषाणूची बाधा झाली. त्या आघातातून विषाणू नष्ट करण्याच्या प्रक्रिया रूढ झाल्या आणि १९९२ पासून जनुकीय तंत्राने बनवलेला आठवा घटकही उपलब्ध झाला. औषध आहे, ते सुरक्षितही आहे. प्रश्न आहे तो ते केव्हा आणि कोठे मिळते, याचा.

महाराष्ट्रात शासकीय केंद्रांतून फॅक्टर विनामूल्य दिले जाते, हे निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु आपल्या देशात पुष्कळ रुग्णांना ते रक्तस्राव झाल्यावरच मिळते. वास्तविक इंजेक्शन पहिल्या दोन तासांत मिळावे लागते. दुर्गम पाड्यावरचा बाप मजुरी बुडवून, एसटी पकडून मुलाला शहरात पोहोचवतो, तोवर सांध्याची हानी सुरू झालेली असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलियाचा दिव्यांगत्वात समावेश केला, हे योग्यच झाले. पण दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देणाऱ्या व्यवस्थेने दिव्यांगत्व टाळणारे इंजेक्शन वेळेत देऊ नये, हा कोणता न्याय?

ज्यांच्या रक्तात हा घटक एक टक्का जरी असतो, त्यांचे सांधे बरेच सुस्थितीत राहतात, हे स्वीडनमधील डॉक्टरांनी हेरले आणि १९५८ पासून तेथे रक्तस्रावाची वाट न पाहता नियमित इंजेक्शने देण्यास आरंभ झाला. आठवा घटक शरीरात साधारण आठ ते बारा तासांत निम्मा होतो. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा मात्रा द्यावी लागते. हे खर्चाचे आहे, असा आक्षेप घेतला जातो. मात्र कमी मात्रेतील नियमित उपचारानेही रक्तस्राव पुष्कळ घटतो, हा भारतातील अनुभव आहे. शिवाय हिशेब केवळ कुप्यांचाच का मांडावा? बुडालेली शाळा, आईबापांची गेलेली मजुरी आणि पुढे करावी लागणारी सांधेबदल शस्त्रक्रिया कोणत्या खात्यात मांडायची?

'ए' प्रकारासाठी एमिसिझुमॅब हे त्वचेखाली टोचायचे औषध आले आहे. ते आठवड्यातून किंवा महिन्यातून एकदा दिले तरी चालते. केरळने २०२४ मध्ये १८ वर्षांखालील रुग्णांना ते विनामूल्य देण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी वेल्लोरच्या डॉक्टरांनी पाच रुग्णांवरील जनुकोपचाराचे आशादायी निष्कर्ष प्रसिद्ध केले. परंतु आज रांगणाऱ्या बालकाला उद्याच्या संशोधनाची वाट पाहायला लावता येणार नाही. एमिसिझुमॅब घेणाऱ्यालाही रक्तस्राव झाल्यास फॅक्टर लागतेच.

म्हणून निदान बालकांना तरी नियमित प्रतिबंधक उपचार मिळावेत. तालुक्याच्या रुग्णालयातील शीतकपाटात फॅक्टरच्या कुप्या असाव्यात आणि घरी इंजेक्शन देण्याचे शिक्षण पालकांना मिळावे. समाजानेही आपला वाटा उचलला पाहिजे. शिक्षकांनी अशा मुलाला वर्गाबाहेर बसवू नये, घरच्यांनी अंगदुखीवर ॲस्पिरिन देऊ नये, डॉक्टरांनी स्नायूत सुई टोचण्यापूर्वी विचार करावा. रक्तदात्यांचे ऋण तर आहेच; रक्तद्रवापासून बनणारे फॅक्टर दात्यांमुळेच मिळते. त्या दानाचे चीज व्हायचे असेल, तर ती कुपी मुलाचा गुडघा सुजण्याआधीच त्याच्या गावाजवळ पोहोचली पाहिजे.