पाड्यावरचा पाळक आणि परक्यांची यादी

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या पाड्यांवर रविवारची ख्रिस्ती प्रार्थना भरते ती कुणाच्या तरी पडवीत, नाहीतर चार बांबूंवर टाकलेल्या पत्र्याखाली. पाळक त्याच पाड्यावरचा. पावसाळ्यात भात-नागली लावणारा आणि हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणारा. त्याच्यापाशी ढोलकी असते, मराठी पवित्र शास्त्र असते आणि स्वतःची साक्ष सांगण्याची हौस असते. अशा पाळकांना आणि त्यांच्या छोट्या मंडळींना शिबिरे घेऊन तयार करायचे आणि ज्यांच्यापर्यंत सुवार्ता पोहोचलेली नाही अशा समाजांकडे पाठवायचे, यावर हल्ली ख्रिस्ती संस्थांचा भर आहे. बाहेरचा प्रचारक आणण्यापेक्षा गावची मंडळी शिकवावी, असा त्यामागचा हिशेब. हिशेब चुकीचा नाही. आमचा प्रश्न शिबिरात काय शिकवले जाते, याविषयी आहे.

आधी हक्काचे बोलू, कारण गोंधळ तिथेच घातला जातो. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदात धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रचार करण्याचेही स्वातंत्र्य आहे. हा ‘प्रचार’ चुकून शिरलेला नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत त्यावर खडाजंगी झाली आणि कन्हैयालाल मुन्शींसारखे, ज्यांना कोणी चर्चचे हस्तक म्हणणार नाही असे सदस्य तो ठेवावा या बाजूने उभे राहिले. पुढे १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा आखली: आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क म्हणून नाही. ही रेघ बारीक आहे आणि तिच्यावर वाद घालता येतो. पण पडवीत बसून ढोलकीवर भजन म्हणणारी माणसे रेघेच्या आतच आहेत. त्यांची सभा उधळायला जाणारे टोळके मात्र कोणत्याच रेघेच्या आत नाही. राज्यात धर्मांतरविरोधी कायद्याचा विषय सरकारने २०२५ मध्ये पुढे आणला. बळजबरी, फसवणूक, धमकी यांना प्रचलित फौजदारी कायद्यातही थारा नाही. तेव्हा असा कायदा नेमके काय थांबवणार आणि टोळक्याला कोणता परवाना देणार, हे विचारणे गैर ठरू नये.

आणखी एक विसंगती. स्वातंत्र्यानंतर तक्रार होती ती परदेशी मिशनऱ्यांविषयी. मध्य प्रदेशची राजधानी नागपूर असतानाच्या काळात, १९५४ मध्ये, त्या सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९५६ च्या अहवालात तिने, ज्यांचा मुख्य हेतू धर्मांतर आहे अशा परदेशी मिशनऱ्यांनी देश सोडावा, असे सुचवले. व्हिसा आखडत गेले, गोरा साहेब दिसेनासा झाला. परदेशी देणगी कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने अशी देणगी एका संस्थेने दुसरीकडे वळवण्यावरही बंदी आली आणि गावच्या मंडळीपर्यंत झिरपणाऱ्या पैशाचा तो मार्ग बंद झाला. उरला तो पाड्यावरचा कोकणा किंवा महादेव कोळी पाळक. आता त्यालाही ‘परदेशी हस्तक’ म्हणायचे असेल, तर मूळ आक्षेप परदेशीपणाला नव्हताच, असा त्याचा अर्थ होतो.

हे झाले बाहेरच्यांचे. आता चर्चवाल्यांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे.

स्थानिक माणसे तयार करून दूर पाठवण्याचा प्रयोग नाशिकला नवा नाही. शरणपूर रोडने रोज जाणाऱ्या किती नाशिककरांना हे ठाऊक असेल कोण जाणे. चर्च मिशनरी सोसायटीचे काम नाशकात १८३२ मध्ये सुरू झाले आणि १८५० च्या दशकात रेव्हरंड विल्यम प्राइस यांच्या काळात शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. बाप्तिस्मा घेतल्यावर घर, जात, विहीर सगळेच तुटलेल्यांना आसरा देणारी जागा, म्हणून हे नाव. आज त्या रस्त्यावर महापालिकेचे राजीव गांधी भवन आहे आणि हिवाळ्यात तिबेटी स्वेटरांसाठी गर्दी लोटते. त्या काळी तिथे वेगळ्याच मुलांचा आश्रम होता. हिंदी महासागरात अरबी गलबतांवर गुलाम म्हणून नेली जाणारी आफ्रिकी मुले ब्रिटिश आरमार सोडवून मुंबईला आणी. त्यांतली बरीच शरणपूरला येत आणि शाळेबरोबर हातचे कसब शिकत. डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या मोहिमेत १८६६ मध्ये त्यांतले नऊ तरुण गेले. नंतर मदतीला गेलेल्यांत जेकब वेनराइट होता. लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये चितांबोच्या गावी वारला तेव्हा त्याच्यासाठी प्रार्थना वाचली ती शरणपूरला शिकलेल्या या पोराने. झाडावर नाव-तारीख कोरली तीही त्यानेच. मृतदेह महिनोन् महिने चालत समुद्राकाठी आणणाऱ्यांत तो होता आणि एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांतही होता.

त्यानंतर प्राइस स्वतः मोम्बासाजवळ गेले आणि तिथे मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावाने फ्रियरटाउन वसवले. मनुष्यबळ नाशिकचे. त्यांतल्या विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांची नावे पूर्व आफ्रिकेच्या चर्च-इतिहासात आहेत, आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात शोधूनही सापडायची नाहीत. दोघांनाही १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी दीक्षित केले. त्याच वर्षी एका प्रवासात हॅनिंग्टन मारले गेले आणि वाचलेल्या माणसांना घेऊन जोन्स परत आला. मोम्बासाजवळच्याच रबाईच्या मिशनमध्ये पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळाला. किनाऱ्यावरचे गुलामांचे मालक खवळले आणि १८८८ मध्ये ते प्रकरण शेवटी पैसे मोजून निस्तरावे लागले. शरणपूरच्या शाळेत जे शिकवले, त्यापेक्षा हे बरेच पुढचे होते. ज्याला स्वतःला कधीकाळी बेड्या होत्या, त्याला सुवार्ता म्हणजे काय हे कुणी वेगळे शिकवावे लागले नाही.

मुद्दा असा की शिकवलेला माणूस शिकवणाऱ्याच्या आराखड्यात बसत नाही, आणि तेच त्या शिक्षणाचे यश असते. आजच्या शिबिरांचा आराखडा कुठून आला आहे? १९७४ च्या लोझान परिषदेत अमेरिकी मिशनतज्ज्ञ राल्फ विंटर यांनी मांडणी केली की देश मोजू नका, त्यांच्यातले समाज मोजा. त्याआधी १९५५ मध्ये डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांनी, लोकांना आपली जात-जमात न ओलांडता ख्रिस्ती होता आले तर चर्च भराभर वाढते, असे लिहिले होते. हे गृहस्थ दमोहला जन्मलेले आणि मध्य भारतात अनेक वर्षे मिशनकाम केलेले. निरीक्षण अनुभवाचे होते. त्यातून याद्या तयार झाल्या. १९९५ मध्ये सुरू झालेल्या जोशुआ प्रोजेक्टची यादी त्यांत सर्वांत प्रसिद्ध. ज्या समाजात सुवार्तावादी ख्रिस्ती दोन टक्क्यांपर्यंत आणि एकूण ख्रिस्ती पाच टक्क्यांपर्यंतच, तो ‘न पोहोचलेला’. भारतात समाज म्हणजे जात. म्हणजे मराठा एक नोंद, कुणबी दुसरी. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती दहा लाख ऐंशी हजार, एक टक्काही नाहीत. तेव्हा या मोजपट्टीने जवळपास अख्खा महाराष्ट्रच ‘न पोहोचलेला’ ठरतो. थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये मराठीत छापले गेले, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने घराघरात गेली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. यांतले काहीच त्या रकान्यात मावत नाही.

पण न मावणे ही किरकोळ तक्रार झाली. खरी अडचण ही की जातीनिहाय यादी हातात घेऊन निघालेली मंडळी जातीनिहाय चर्चच बांधणार. आणि ही अडचण नाशिक जिल्ह्यात जितकी बोचते तितकी दुसरीकडे क्वचितच बोचेल. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. पाच वर्षे दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले. त्या घोषणेनंतर देशोदेशीच्या धर्मप्रमुखांची पत्रे, तारा, भेटी सुरू झाल्या. मेथडिस्ट बिशप पिकेट तर त्यांना भेटले. मिशनसाठी याहून मोठी संधी कोणती? बाबासाहेबांनी एकवीस वर्षे विचार केला आणि नागपुरात बुद्धाकडे गेले. ख्रिस्ती धर्म का नाही, याची त्यांची कारणमीमांसा महाराष्ट्र शासनानेच छापलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आहे. धर्मांतरितांमधली जात मिशनांनी चालवून घेतली. शाळा-कॉलेजांवर केलेल्या खर्चाचा लाभ अस्पृश्यांहून वरच्या वर्गाने जास्त घेतला. आणि शिकलेले भारतीय ख्रिस्ती अस्पृश्यांच्या अन्यायावर गप्प राहिले. प्रचारकांच्या कोणत्याही शिबिरात बायबलनंतर लगेच वाचावेत असे हे लेख आहेत. कोणत्या शिबिरात वाचले जातात?

उलट उदाहरणही याच मातीतले आहे. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई, माहेर नाशिकजवळचे जलालपूर, सोवळेकडक घरात वाढलेल्या. त्या त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षे वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, परत आल्या तेव्हाही आपले सोवळे घेऊनच आल्या. जात देवाने केलेली नाही, माणसाने केली, हा निकाल त्यांनी आपल्याशी आधी लावला; बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते की टिळकांनी या बाबतीत बायकोला लोटले नाही. खुद्द टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला: बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले सगळ्यांना खुला. पगारी मिशनला या गोष्टीचे काय करावे ते उमजले नाही. दीड-दोन वर्षांत टिळक वारले आणि दरबार फार टिकला नाही. तरी मराठी मुलखात ख्रिस्ताचे नाव आपलेसे वाटावे असे ज्याने केले, त्याने लक्ष्य, मुदत आणि रकाना यांपैकी काहीच हाती धरले नव्हते, हे विसरता येत नाही.

दूरवर पाहायचे तर तेलंगणातल्या डोर्नकलचे बिशप अझारिया आहेत. १९०५ च्या नाताळात सेरामपूरला भारतीय ख्रिस्ती लोकांनी स्वतःच्या पैशांवर, स्वतःच्या माणसांची राष्ट्रीय मिशनरी सोसायटी काढली, तिच्या संस्थापकांतले ते एक. निरक्षर शेतमजुरांच्या मंडळ्या त्यांनी अशा घडवल्या की साक्ष देणे हे पगारी प्रचारकाचे काम न राहता बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येकाचे झाले. आजच्या शिबिरवाल्यांना पूर्वज हवा असेल तर तो अमेरिकेत शोधण्याचे कारण नाही.

व्यवहाराच्या दोन गोष्टीही शिबिरात स्वच्छ सांगायला हव्यात. पहिली चंगाईची, म्हणजे प्रार्थनेने आजार बरा करण्याची. आजाऱ्यासाठी प्रार्थना कुणीही करावी. पण क्षयाच्या गोळ्या बंद करायला सांगणारा, दवाखान्याची वाट अडवणारा पाळक माणसाचा जीव घेतो. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदा भगताला जसा लागू आहे तसा पाळकालाही आहे. दुसरी गोष्ट पैशाची. मंडळीचे दान वहीत मांडावे, वही मंडळीपुढे ठेवावी. शेळ्या, शिलाई मशीन, शाळेची फी यांची मदत करायची तर शेजारच्या बिनख्रिस्ती घरालाही तीच द्यावी. आमिषाचा आरोप अर्ध्याहून अधिक तिथेच गळून पडेल.

आदिवासी पाळकाची स्वतःची एक धास्ती आहे, तीही समजून घ्यायला हवी. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. तो धर्माशी जोडावा, धर्मांतरित आदिवासींना यादीतून वगळावे, ही ‘डीलिस्टिंग’ची मागणी गेली काही वर्षे मोर्चे-मेळाव्यांतून तापवली जात आहे. जिल्ह्याच्या लोकसंख्येत चारांमागे एक आदिवासी आहे. वनहक्काचा दावा, वसतिगृह, शिष्यवृत्ती हे सगळे त्या दाखल्यावर चालते. पाड्यापाड्यात भांडण लावायला याहून सोपा मार्ग नाही, आणि या मागणीला सरकारने स्पष्ट नकार द्यायला हवा.

दलित ख्रिश्चनांच्या वाट्याला तर हे आधीच आलेले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग ऑक्टोबर २०२२ मध्ये यासाठीच नेमला गेला आणि मुदतवाढीवर गेला. नगर-नाशिक पट्ट्यात तीन-चार पिढ्या ख्रिस्ती असलेली आणि शाळेच्या दाखल्यावर ख्रिस्ती हा शब्द टाळणारी घरे आहेत. बाप्तिस्म्याने जात जाईल असे त्यांना सांगितले होते. गावाच्या लेखी ती गेली नाही, सवलत तेवढी गेली. पाळकांचे शिबिर जातीची यादी वाचून सुरू होणार असेल, तर या घरांतली एखादी म्हातारी तिथे उठून काय विचारील, त्याचे उत्तर शिबिर भरवणाऱ्यांनी आधी तयार ठेवावे.