हरवलेल्या माणसाच्या मनाची झडती

इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये, वायर नदीच्या काठी, 27 जानेवारी 2023 च्या सकाळी एक बाई कुत्र्याला फिरवायला गेली आणि परतली नाही. मुलींना शाळेत सोडून ती तशीच नदीकडे वळली होती. काठावरच्या बाकावर तिचा फोन सापडला. कामाची ऑनलाइन बैठक त्यावर चालूच होती. कुत्रा तिथेच घुटमळत होता. 19 फेब्रुवारीला, दीडेक किलोमीटर खाली, त्याच नदीत तिचा मृतदेह मिळाला. जूनमध्ये कोरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, निष्कर्ष दिला: अपघाताने बुडून मृत्यू. तिला जीव द्यायचा होता असं दाखवणारं काही त्यांना आढळलं नाही. इतक्या गार पाण्यात माणूस अचानक पडला की धाप लागते, श्वास आवरत नाही आणि त्या श्वासाबरोबर पाणीच आत जातं. पट्टीच्या पोहणाऱ्याचंही तिथे काही चालत नाही.

या तीन आठवड्यांत त्या बाईच्या नावाने जे झालं, त्याकडे माध्यमांवर लिहिताना मला पुन्हा पुन्हा यावं लागतं. तिचं नाव मी लिहीत नाही. ते शोधायला कुणाला वेळ लागणार नाही, हे ठाऊक आहे. पण तिच्या मुली वाढताहेत, आणि आईच्या नावाला आणखी एक लेख चिकटल्याने त्यांचं काहीही भलं होणार नाही.

घटनेला आठवडा झाला तेव्हाच पोलिसांनी सांगितलं होतं की ती नदीत पडली असावी, यात दुसऱ्या कुणाचा हात दिसत नाही. उत्तर साधं होतं आणि पुढे खरंही ठरलं. लोकांना मात्र ते पटेना. फोन बाकावरच कसा राहिला? कुत्रा कोरडा कसा? तिचा जोडीदार टीव्हीवर बोलताना इतका शांत कसा? टिकटॉकवर माणसं त्याची मुलाखत थांबवून थांबवून दाखवू लागली, कुठे पापणी लवली, कुठे ओठ आवळले. मैत्रिणींच्या बोलण्यातलं एखादं वाक्य सुटं काढून त्यावर तासन्‌तास चर्चा झडली. घरात सगळं ठीक होतं ना, तिचं आणखी कुणाशी काही होतं का, सगळं सोडून निघून जायचं तिने आधीच ठरवलं होतं का. काही जण गाड्या काढून थेट गावात पोहोचले. कुणी रानात खणलं, कुणी नदीपलीकडच्या रिकाम्या घरात शिरलं, आणि हे सगळं चित्रित करत. जमावाला पांगवण्याचे अधिकार पोलिसांना वापरावे लागले.

मग 15 फेब्रुवारी उजाडला. पत्रकार परिषदेत पोलीस म्हणाले की ही बाई पहिल्या दिवसापासून जास्त जोखमीच्या वर्गात होती, कारण तिच्याबाबत काही नाजूक बाबी होत्या. कोणत्या, ते सांगितलं नाही. व्हायचं तेच झालं. आधी चार तर्क होते, तिथे चाळीस झाले. त्याच संध्याकाळी पोलिसांनी पत्रक काढून सांगून टाकलं की तिला दारूचा गंभीर त्रास होता, रजोनिवृत्तीच्या काळातल्या त्रासातून तो पुन्हा उद्भवला होता, आणि जानेवारीतच एकदा पोलीस व आरोग्य कर्मचारी तिच्या घरी जाऊन आले होते. जी गोष्ट घरच्यांनी आणि डॉक्टरांनी चार भिंतींत जपली होती, ती तासाभरात जगभरच्या फोनवर गेली. पंतप्रधान ऋषी सुनक आणि गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनीही त्याबद्दल चिंता व्यक्त केली.

दुसऱ्या दिवशी कुटुंबाने जे निवेदन दिलं ते मला अजून छळतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की हे उघड व्हावं असं तिला कधीच वाटलं नसतं, पण बाहेर लोक तर्क लढवताहेत, तिच्या गोष्टी विकण्याच्या धमक्या देताहेत. घरचं माणूस सापडत नाही, त्या दिवसांत या लोकांना तिच्या आजाराच्या लिलावाची काळजी करावी लागली. आणि हे पत्रक निघाल्यानंतर चार दिवसांनी ती सापडली, जिथे असेल असं पोलीस सुरुवातीपासून म्हणत होते तिथेच. पत्रकातल्या एका अक्षराचाही तिला शोधायला उपयोग झाला नव्हता.

ब्रिटनच्या कॉलेज ऑफ पोलिसिंगने नोव्हेंबर 2023 मध्ये या तपासाचा आढावा प्रसिद्ध केला. शोधमोहीम चांगली झाली होती, असं त्यात म्हटलं आहे. तिची खासगी माहिती जाहीर करणं मात्र टाळता येण्यासारखं होतं आणि त्याची गरज नव्हती, असंही स्पष्ट म्हटलं आहे. आढाव्यात आणखी एक मुद्दा आहे. पोलिसांनी जबाबदार पत्रकारांना छापायचं नाही या अटीवर वेळीच विश्वासात घेतलं नाही, त्यामुळे पोकळी राहिली आणि ती अफवांनी भरली.

हा मुद्दा मला अर्धाच पटतो. पोलिसांनी बोलायला हवं होतं, नेमकं आणि रोज, यात शंका नाही. पण पोकळी होती म्हणून अफवा आली, असं म्हटलं की अफवा पसरवणारा आपोआप सुटतो. कुणीतरी बसून ठरवलं होतं की एका परक्या बाईच्या संसारावर आपण व्हिडिओ करायचा. कुणीतरी तो बघितला आणि पुढे ढकलला. माहिती नसताना गप्प बसणं त्या प्रत्येकाच्या हातात होतं.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: मनःस्थिती कळली तर शोधायला मदतच होते ना? होते. ती शोधणाऱ्याला होते. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण घरातून निघाला की बऱ्याचदा चालतच राहतो, जुन्या घराच्या किंवा जुन्या नोकरीच्या दिशेने, वाट अडेपर्यंत. निराशेने घेरलेला माणूस पुष्कळदा फार लांब जात नाही, ओळखीच्या निवांत जागी जातो. इन्सुलिनवर असलेल्याच्या बाबतीत तास मोजावे लागतात. म्हणून ठाण्यातल्या हवालदाराने विचारलंच पाहिजे: आधी कधी असं गेले होते का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, घरात काही बोलाचाली झाली का, पैशाची अडचण होती का. आणि घरच्यांनी काही न लपवता सांगितलं पाहिजे. कुठे माणसं पाठवायची, विहीर आधी बघायची की एसटी स्टँड, हे त्यावरून ठरतं.

पण सांगितलेलं ठाण्यातच राहील, असा भरवसा असेल तरच घरचे बोलतील. आज सकाळी सांगितलं आणि संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर वाचायला मिळालं, तर पुढच्या घरातली आई तोंड मिटून घेईल. मुलीला मानसोपचारतज्ज्ञांची औषधं चालू आहेत हे ती सांगणार नाही, कारण मुलगी परत आल्यावर तिचं लग्न, तिची नोकरी, तिचं शेजाऱ्यांसमोरून जाणं-येणं आईच्या डोळ्यांपुढे असतं. चर्चेचा खरा तोटा मला इथे दिसतो. बघ्यांची हौस भागते आणि शोधणाऱ्याच्या हातातला धागा तुटतो.

हरवलेल्या माणसाबद्दल आधी निकाल लावून टाकण्याची सवय आपल्याकडे सोशल मीडियाच्याही आधीची आहे. नोएडातलं मे 2008 चं प्रकरण आठवावं. एका घरात शाळकरी मुलीचा खून झाला आणि घरगडी दिसेना. पोलिसांनी त्याला संशयित ठरवलं, इनाम लावलं, वाहिन्यांनी त्याला खुनी म्हणून दिवसभर दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर मिळाला. गच्चीचं दार बंद होतं आणि ते कुणी उघडून बघितलं नव्हतं. मेलेला माणूस एक अख्खा दिवस देशाच्या नजरेत फरार खुनी होता. गरिबाला तेवढाही संशयाचा फायदा मिळत नाही. पुढे त्याच घरातल्या मुलीबद्दल आणि त्याच्याबद्दल जे बोललं गेलं ते इथे उगाळायची माझी इच्छा नाही.

आपल्या जिल्ह्याच्या पानावर येणारी छोटी बातमी बघा. "घरात कोणालाही काही न सांगता निघून गेली. वर्ण गव्हाळ, चेहरा गोल, उंची पाच फूट, अंगात निळ्या रंगाचा पंजाबी ड्रेस, पायात काळी सँडल, मराठी व हिंदी बोलते." किती नेमकं लिहिलं आहे. बसच्या कंडक्टरला, धर्मशाळेच्या रखवालदाराला, फलाटावरच्या चहावाल्याला जे लागतं ते सगळं यात आहे, आणि जे लागत नाही ते एकही नाही. ही भाषा ज्यांनी घडवली त्यांना माणूस शोधायचा होता. मग कधी कधी तिथे एक ओळ वाढते: घरगुती वादातून, रागाच्या भरात, डोक्यावर परिणाम झाल्याने. ही ओळ वाचून कंडक्टर कुणालाच ओळखू शकत नाही. पण फोटोसकट ती व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की बाकीचं वर्णन कुणी वाचतच नाही. तरुण मुलगी असेल तर कुणाबरोबर तरी गेली, विवाहिता असेल तर सासरचा छळ किंवा बाहेरचं प्रकरण, शेतकरी असेल तर कर्ज, विद्यार्थी असेल तर नापास. माणूस कोण आहे हे कळायच्या आत त्याची गोष्ट लिहून तयार असते. बायकांच्या बाबतीत ती नेहमी चारित्र्यावरच येऊन थांबते, हे वेगळं सांगायला नको.

मान्य आहे, कधी आजाराचा उल्लेख करावा लागतो. आजोबांना नाव-पत्ता सांगता येत नसेल तर तसं लिहावंच: "विचारलेलं समजत नाही, स्वतःचं नाव सांगता येत नाही, शांतपणे बसवून ठेवावं." भेटणाऱ्याने काय करायचं ते यातून कळतं. आजाराचं नाव आणि त्यामागचा इतिहास न देताही ते सांगता येतं.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे तो आहे, पण त्याचा पल्ला तोकडा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 24 नुसार, मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचं छायाचित्र किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये, एका अभिनेत्याच्या मृत्यूनंतरच्या वार्तांकनाबाबतच्या निकालात, मृत व्यक्तीला कमकुवत चारित्र्याची दाखवणं आणि तिच्या खासगीपणात घुसणं माध्यमांनी टाळावं असं बजावलं. यातलं काहीही, सोसायटीच्या ग्रुपवर "आतली बातमी" टाकणाऱ्या काकांपर्यंत पोहोचत नाही. डॉक्टरची फाइल कुलपात राहते आणि शेजाऱ्याची जीभ मोकळी.

आणि हरवलेली पुष्कळ माणसं परत येतात, हे तर कुणाच्या लक्षातच राहत नाही. अगाथा ख्रिस्ती डिसेंबर 1926 मध्ये अकरा दिवस बेपत्ता होती. त्याच वर्षी आई गेलेली, नवरा आर्ची दुसऱ्या बाईत गुंतलेला. गाडी सरेमध्ये न्यूलँड्स कॉर्नरजवळ सोडलेली सापडली आणि देशभरची वर्तमानपत्रं तुटून पडली. नवऱ्याने मारलं, जीव दिला, पुस्तक खपावं म्हणून नाटक केलं, वेषांतर करून फिरते आहे. एका वर्तमानपत्राने तर ती वेषांतरात कशी दिसेल याची चित्रं छापली. आर्थर कॉनन डॉयल यांनी तिचा हातमोजा एका अतींद्रिय शक्तीवाल्याकडे नेला. ती हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली, नवऱ्याच्या प्रेयसीचं आडनाव लावून राहिलेली. त्यानंतर ती जवळजवळ पन्नास वर्षं जगली, जगात सर्वाधिक खपणाऱ्या लेखकांत गेली, आणि आत्मचरित्रात त्या अकरा दिवसांबद्दल तिने काही लिहिलं नाही. तिच्यावर लिहिणारे मात्र आजही तिथेच घुटमळतात. ख्रिस्तीकडे नाव होतं, पैसा होता, पुस्तकं होती. आपल्या तालुक्याच्या गावातल्या मुलीकडे यातलं काही नसतं. ती आठ दिवसांनी मावशीकडून परत आली तरी "ती पळून गेलेली" हे तिच्या नावामागे कायमचं लागतं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पोलीस ठाण्याने घरच्यांकडून सगळं लिहून घ्यावं आणि प्रसिद्धिपत्रकातून निघून जाण्याचं कारण पूर्ण वगळावं. वर्णन, कपडे, शेवटी कुठे दिसली, आणि गरजच असेल तर भेटणाऱ्याने काय करायचं, एवढंच बाहेर जावं. संपर्काला ठाण्याचा क्रमांक द्यावा, घरच्यांचा देऊ नये. रात्री-अपरात्री फोन करून आपले अंदाज ऐकवणाऱ्यांची त्या घराला गरज नसते, आणि पैसे मागणारे भामटेही त्याच क्रमांकावर येतात. पत्रकावर तारीख ठळक असावी. माणूस सापडला की ठाण्यानेच तसं जाहीर करून जुना फोटो काढून टाकायला सांगावं, आणि ज्यांनी तो पुढे पाठवला होता त्यांनी त्याच ग्रुपवर जाऊन "सापडले, फोटो डिलीट करा" एवढं लिहावं. कुठे सापडले, कुणाबरोबर होते, का गेले होते, हे विचारू नये.