आमदंगलीला कनात लावू नका

दिवाळी सरली, धान कापणीला आलं की भंडारा जिल्ह्यात मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे दिवस सुरू होतात. मोहाडी, तुमसर, साकोली, लाखांदूर, कुठेही जा, दिवसा दंडार आणि बाजार, रात्री नाटक, आणि कितीतरी गावांत कुस्त्यांची आमदंगल. या आमदंगलीबद्दल अलीकडे एक मत तरुणांकडून आणि काही आयोजकांकडूनही ऐकू येतं. कुस्तीचा जमाना गेला, आता जमाना एमएमएचा, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या लढतींचा. एमएमएने बॉक्सिंगला लोळवलं, कारण लोक एकेका लढतीचे पैसे भरून ती घरच्या पडद्यावर बघतात. तेव्हा आपणही मैदानाला कनात लावावी, मोबाइलवर पैसे भरेल त्यालाच कुस्ती दाखवावी, तरच पहिलवान जगेल. हे मत पहिलवानाच्या कळवळ्यातून आलेलं आहे, म्हणून त्याची टिंगल करणार नाही. पण ते चूक आहे, आणि त्याप्रमाणे वागलो तर आहे ती दंगलही हातची जाईल.

एमएमएचा इतिहासच या मताच्या विरुद्ध साक्ष देतो. एमएमएच्या लढती भरवणाऱ्या यूएफसी या कंपनीची पहिली स्पर्धा 12 नोव्हेंबर 1993 रोजी अमेरिकेत डेन्व्हरला झाली, आणि ती पैसे भरूनच बघायची होती. पुढे रक्तपाताची ओरड झाली, केबलवाल्यांनी दाखवणं बंद केलं, कंपनी डबघाईला आली आणि 2001 साली अवघ्या 20 लाख डॉलरना विकली गेली. नवे मालकही तोटाच सोसत होते. नशीब फिरलं 2005 मध्ये, स्पाइक नावाच्या साध्या केबल वाहिनीवर. नवख्या लढवय्यांना एका घरात ठेवून त्यांचा सराव, त्यांची भांडणं, त्यांच्या लढती दाखवणारी मालिका तिथे लागली. एप्रिलमधल्या अंतिम रात्री फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बोनर तीन फेऱ्या एकमेकांना भिडत राहिले, आणि ती लढत बघायला कुणाला जास्तीचा एक डॉलर पडला नाही. त्या रात्री जोडला गेलेला प्रेक्षक पुढे खिशात हात घालू लागला. मोकळं दाखवणं आधी झालं, गल्ला नंतर भरला. आपली मंडळी हा क्रम उलटा सांगतात.

बॉक्सिंगचा प्रवास नेमका उलट दिशेने झाला. एकेकाळी अमेरिकेत शुक्रवारी रात्री घरोघरी टीव्हीवर फुकट बॉक्सिंग लागायचं. मग मोठ्या लढती एकेक करून पैशाच्या दाराआड गेल्या. 2 मे 2015 रोजी मेवेदर आणि पॅकियाओ भिडले, तेव्हा घरबसल्या बघण्यासाठी 46 लाख खरेद्या झाल्या, प्रत्येकी जवळपास शंभर डॉलरला. आकडा प्रचंड. पण लढत कित्येक वर्षं उशिरा ठरली होती आणि रटाळ निघाली. पॅकियाओ दुखऱ्या खांद्याने खेळला हे नंतर कळलं आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी कोर्टात दावे लावले. एका रात्रीचा गल्ला मिळाला. ज्या पोराच्या बापाकडे शंभर डॉलर नव्हते त्याला मात्र त्या रात्री बॉक्सिंग दिसलंच नाही.

एमएमएने बॉक्सिंगला लोळवलं, हेही खरं नाही. एमएमएच्या लढतीची सर्वांत मोठी विक्री सुमारे 24 लाख, ऑक्टोबर 2018 ची, खबीब विरुद्ध मॅकग्रेगर. हाच मॅकग्रेगर 2017 मध्ये मेवेदरशी बॉक्सिंगच्या नियमांनी लढला, तेव्हा आकडा 43 लाखांवर गेला. दोन्हीकडचे प्रेक्षक एकत्र आले, म्हणून गेला. आणि खबीब कोण? रशियातल्या दागेस्तानात कुस्ती आणि तिच्याच जातकुळीच्या साम्बोवर वाढलेला गडी. त्याने मॅकग्रेगरला पुन्हा पुन्हा जमिनीवर नेलं आणि चौथ्या फेरीत मान आवळून शरण आणलं. तुमसरच्या आखाड्यात घाम गाळलेल्या मुलाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. एमएमए कुस्तीचा वैरी असल्याचं चित्रच खोटं आहे.

शेवटचा पुरावा ताजा आहे. ऑगस्ट 2025 मध्ये यूएफसीने पॅरामाउंट या प्रक्षेपण कंपनीशी सात वर्षांचा 770 कोटी डॉलरचा करार जाहीर केला आणि 2026 पासून अमेरिकेत लढतीगणिक वेगळे पैसे घेणं बंद करण्याचं ठरवलं. आता महिन्याच्या वर्गणीतच सगळं. ज्यांनी ही रीत भरभराटीला नेली त्यांनीच ती टाकली. ती आपण भंडाऱ्यात उचलून आणायची?

राहिला पहिलवानाच्या पोटाचा प्रश्न, आणि तोच मला सर्वांत जवळचा वाटतो. यूएफसीच्या उत्पन्नातला लढवय्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होता, हे लढवय्यांनीच कंपनीवर भरलेल्या खटल्यात उघड झालं. शेवटी कंपनीला 37.5 कोटी डॉलर देऊन तो खटला मिटवावा लागला. प्रेक्षकाने पैसे भरले म्हणजे ते लढणाऱ्याच्या हाती पडतात, अशी खात्री तिकडेही नाही.

कुणी म्हणेल, आपल्या झाडीपट्टीचा, म्हणजे या पूर्व विदर्भाचा माणूस मंडईतल्या नाटकाला तिकीट काढतोच की. काढतो, आणि अभिमानाने काढतो. पण वडशाच्या नाटक कंपनीची सुपारी आधी ठरलेली असते, नटाचं मानधन ठरलेलं असतं, आणि प्रेक्षकाला रात्रभराचा खेळ मिळतो. कुस्ती अर्ध्या मिनिटात चित होऊ शकते. तिची कमाई वेगळ्या वाटेने येते. जोड सुटली, पाठ लागली, डफडं वाजलं की जिंकलेला पहिलवान अंगावरच्या मातीसकट रिंगणाभोवती फिरतो, आणि लोक त्याच्या हातात दहाची, वीसची, पन्नासची नोट ठेवतात. डोळ्यांनी पाहिलं म्हणून देतात. कनात लावली की हा हात आखडणार.

आपल्याकडे कमी पडतं ते दाखवणं. नागपूरच्या अल्फिया पठाणने एप्रिल 2021 मध्ये पोलंडला जागतिक युवा बॉक्सिंगमध्ये सुवर्णपदक जिंकलं. शेजारच्या भंडाऱ्यात किती मुलींनी तिचा एक तरी ठोसा पाहिला? उलट कबड्डी बघा. 2014 मध्ये प्रो कबड्डी घरोघरी दिसू लागली, एकेका सामन्याचे पैसे कुणी मागितले नाहीत, आणि गावोगावची पोरं खेळाडूंची नावं घेऊन चढाया करू लागली. शाहू महाराजांनी कोल्हापूरला खासबागेचं मैदान बांधलं तेही असंच, हजारोंच्या गर्दीत मागच्या माणसालाही कुस्ती दिसावी म्हणून.

म्हणून मंडई समित्यांना माझं सांगणं आहे. आमदंगल मोकळी ठेवा आणि मोबाइलवरही मोकळी दाखवा. त्या प्रक्षेपणात राइस मिलवाल्यांच्या, दुकानदारांच्या जाहिराती घ्या आणि तो पैसा इनामात घाला. हरणाऱ्यालाही ठरलेली रक्कम द्या. जमा-खर्च रिंगणाजवळच्या फळ्यावर लिहा. वजन करून जोड लावा, डॉक्टर बसवा, मातीशेजारी गादी टाका, मुलींच्या कुस्त्या दिवसाउजेडी, गर्दीच्या वेळी लावा. बॉक्सिंगची, एमएमएची आवड असलेल्या पोरांनाही त्याच मैदानात हातमोजे घालून प्रात्यक्षिक करू द्या. यंदाच्या मंडईची बैठक लागेल तेव्हा कनातीचा विषय निघालाच, तर त्याला उघड विरोध करा.