मागच्या खोलीचं दार

चांद्यात आमच्या ओळखीच्या एका खालांच्या घरी पाहुणे आले की मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं जायचं. आत चोवीस वर्षांचा मुलगा. त्याला कानात आवाज ऐकू येत, कामावर जाणं सुटलेलं. ‘मामाकडे गेलाय,’ असं खाला सांगायच्या. धाकटीचा निकाह ठरायचा होता, हे खरं कारण. तावीज झाले, मग डॉक्टर झाले. गोळ्यांनी आवाज कमी झाले. दार बंदच राहिलं.

डॉक्टरांनी खालांना पुण्यातल्या एका स्वमदत गटात जायला सांगितलं. पुण्यात ही वाट जुनी आहे. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. व्यसनमुक्तीसाठी १९८६ साली निघालेल्या मुक्तांगणमध्येही गटात बोलणं हा उपचाराचाच भाग.

अशा गटात उपदेश नसतो. आपलं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं, तिथलं बाहेर बोलायचं नाही. खाला पहिल्यांदा गप्प बसून आल्या. दुसऱ्या वेळी एक बाई म्हणाल्या, ‘माझ्या मुलानं काल स्वतःहून आंघोळ केली,’ आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला हे सांगताना खाला रडल्या. आंघोळीचं मोल कळणारी माणसं त्यांना इतक्या वर्षांत भेटली नव्हती.

‘हे दीनमध्ये बसतं का?’ त्यांनी विचारलं. हजार वर्षांपूर्वी अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर मिळून एकच ग्रंथ लिहिला. वसवशांनी घेरलेल्यानं एकटं राहू नये, असं ते सांगतात. दुआ करावी, गोळीही घ्यावी. आम्हाला यात भांडण दिसत नाही.

व्यायामाशी मात्र घोडं अडलं. यातल्या काही गोळ्यांनी वजन वाढतं, सुस्ती येते. म्हणून चालणं जास्तच गरजेचं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान १५० मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. चालण्यानं झोप सुधारते, उदासी हलकी होते. (बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत.) पण ‘लोक बघतील!’ आमच्या बायकांना तर नुसतं चालायला बाहेर पडणं चैनच वाटते.

कुणाशी बोलावं सुचत नसेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे.

आता फजरनंतर मायलेक नांद्याच्या रस्त्यानं चालतात. तो दहा पावलं पुढे. परवा वाटेत कुणी विचारलं, ‘मामाकडून कधी आलास?’

तो म्हणाला, ‘मी घरीच होतो.’