शून्य तक्रारींचे अहवाल

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ मध्ये माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात निषिद्ध ठरवल्या आहेत. हे सहज घडले असे आम्हांस वाटत नाही. ज्याला विकत घेतले तो आणि ज्याला कर्जात अडकवून राबवले तो, दोघेही सारखेच परतंत्र, ही जाण त्यामागे आहे. मानवी व्यापाराविषयी कंपन्यांनी अहवाल द्यावेत असे सांगणारे जे कायदे व नियम अलीकडे देशोदेशी झाले, त्यांत ही जाण शब्दांत उरली आहे. व्यवहारात मात्र ती हरवली आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ब्रिटनचा २०१५ चा आधुनिक गुलामगिरी कायदा घ्या. त्याच्या कलम ५४ नुसार ३ कोटी ६० लाख पौंड वा अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या कंपनीने दरवर्षी एक निवेदन प्रसिद्ध करायचे असते. संचालक मंडळाने ते मंजूर करावे, संचालकाने त्यावर सही करावी, हे ठीकच. निदान कोणाचे तरी नाव कागदाला चिकटते. परंतु ‘आम्ही याबाबत काहीही केलेले नाही’ एवढेच लिहिले तरी त्या कलमाची पूर्तता होते! आणि निवेदन दिलेच नाही, तर त्यासाठी दंडाची तरतूदही नाही. कायदा विचारतो, ‘लिहिलेत का?’ माणूस सुटला का, हे विचारत नाही.

आपल्याकडेही फार वेगळे नाही. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारी व शाश्वततेचा अहवाल देणे बंधनकारक झाले. त्यात सक्तीच्या श्रमाविषयी किती तक्रारी आल्या, असा एक रकाना आहे. बहुतेक अहवालांत तेथे शून्य असते. हे शून्य खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते खरे आहे, आणि दुखणे तेच आहे. कारण प्रश्न विचारला जातो तो कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांविषयी आणि कामगारांविषयी. पुरवठादारांकडे काय चालते याचे मूल्यमापन ऐच्छिक सदरात ढकललेले आहे.

आता हा रकाना घेऊन उसाच्या फडात जाऊ. बीड जिल्ह्यातून दर हंगामात जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामाआधी उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत कोयता त्याचा. मुकादमाच्या वर तोडणी-वाहतुकीचा ठेकेदार, त्याच्या वर कारखाना, कारखान्याच्या वर साखर विकत घेणारी कंपनी. सहकारी कारखाना शेअर बाजारात नाही, म्हणून त्याला हा अहवाल लागू नाही. विकत घेणाऱ्या कंपनीच्या हजेरीपटावर तोडणीवाली बाई नाही. तिने तक्रार करावी तरी कोणाच्या रकान्यात?

तिच्या तक्रारीला कारण नव्हते असे कोणी म्हणू नये. कामावर न आल्यास खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. पाळीतही खाडा परवडत नाही, हे या स्त्रिया सांगत आल्या आहेत. २०१९ साली शासकीय समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांनी हीच साखर कोका-कोला आणि पेप्सीच्या पुरवठ्याशी कशी जोडलेली आहे ते मांडले. म्हणजे जे अहवालांच्या रकान्यांत बसले नाही, ते वार्ताहरांना फडावर जाऊन सापडले.

यावर ठरलेले उत्तर येते: उचल ते स्वखुशीने घेतात. हा युक्तिवाद जुना आहे, आणि तो निकालातही निघालेला आहे. एशियाड बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, भूक आणि दारिद्र्य यांच्या रेट्याने किमान वेतनाहून कमी पैशांत केलेले कामही सक्तीचेच श्रम होय. त्याआधीच्या, १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर आणखी एक मोठी गोष्ट केली होती. एखादे कर्ज वेठबिगारीचे आहे असे मजुराने म्हटले, की ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकला.

आमची मागणी एवढीच, की हे तत्त्व अहवालाच्या कायद्यांत आणा. साखर घेणाऱ्या कंपनीने तक्रारी किती आल्या हे सांगू नये. उचल कोणी दिली, किती दिली, कशी फिटली आणि किमान वेतनाचा हिशोब प्रत्येक कोयत्याला लेखी मिळाला की नाही, हे सांगावे. सांगता येत नसेल, तर तेथे सक्ती आहे असे कायद्याने गृहीत धरावे. याने व्यापाराचा खर्च वाढेल हे आम्ही नाकारत नाही. तो खर्च आजही होतोच आहे. फक्त तो कारखान्याच्या ताळेबंदात नाही, बाईच्या अंगावर मांडला जातो.

तोवर शून्याला शून्यच म्हणू या. त्याला दाखला म्हणू नये.